सनद असेल तर सोने, नसेल तर लोखंड : अमेरिकेतील जुन्या बंदुकांचा बाजार

२७ ऑगस्ट २०२१ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे बोनहॅम्स या लिलाव कंपनीने एक जुने रिव्हॉल्व्हर विकले. कंपनीचा आकार धरून किंमत झाली ६० लाख ३० हजार डॉलर. त्या वेळच्या भावाने हे सुमारे ४४ कोटी रुपये होतात. हा माल कोल्ट कंपनीच्या हार्टफर्ड येथील कारखान्यातला, १८८० च्या सुमाराचा. याच जातीची सुमारे ३ लाख ५७ हजार रिव्हॉल्व्हरे १८७३ ते १९४१ या काळात त्या कारखान्यातून निघाली. त्यांपैकी साधा, वापरलेला नग आजही काही हजार डॉलरांत मिळतो. लोखंड तेच, कारागिरी तीच, मग भावात एवढी तफावत कशामुळे?

पॅट गॅरेट नावाच्या शेरीफने १४ जुलै १८८१ च्या रात्री न्यू मेक्सिकोतील फोर्ट समनर येथे बिली द किड या नामचीन गुन्हेगाराला याच रिव्हॉल्व्हरने ठार मारले. पण नुसते असे म्हणून भागत नाही, ते सिद्ध करावे लागते. गॅरेटला हे हत्यार कोणाकडून मिळाले, त्याच्यानंतर ते कोणाकडे गेले, १९०८ साली तो मारला गेल्यावर त्याच्या विधवेला ते परत मिळवण्यासाठी कोर्टात कसे जावे लागले, पुढे ते कोणी विकत घेतले, या सगळ्याचे कागद आहेत. एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची ही साखळी कुठे तुटत नाही. ४४ कोटी रुपये त्या साखळीचे आहेत.

मदरशात किंवा उर्दू शाळेत शिकलेल्या वाचकांना ही गोष्ट लगेच समजेल. हदीसच्या इल्ममध्ये मजकुराइतकीच त्याची सनद पाहतात. कोणी कोणाकडून ऐकले, मधला रावी विश्वासाचा होता की नाही, दोघांची भेट झाली होती की नाही, याची छाननी होते. कुठे दीनचा इल्म आणि कुठे बंदुकांचा बाजार! दोन्हींची बरोबरी करण्याचा हेतू मुळीच नाही. पण पारख करण्याची रीत समजण्यासाठी याहून जवळचा दाखला मला सापडत नाही. अमेरिकेतील जुन्या बंदुकांचा सारा व्यापार सनदेवर चालतो, आणि म्हणूनच ज्याने बंदूक कधी हातात धरली नाही अशा व्यापाऱ्यालाही त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

कोणता काळ, कोणता माल

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गोऱ्या लोकांची वस्ती पश्चिमेकडे सरकत गेली, तो काळ तिकडे ‘फ्रंटियर’चा काळ म्हणून ओळखला जातो. १८९० च्या जनगणनेनंतर तेथील सरकारनेच सांगितले की, वस्ती आणि मोकळा मुलूख यांमधील अशी सलग सीमारेषा आता राहिलेली नाही. संग्राहकांचा जीव मुख्यतः १८४० ते १८९० या पन्नास वर्षांच्या मालावर असतो.

या पन्नास वर्षांत बंदुकीचे सारे तंत्र पालटले. सुरुवातीला ठासणीच्या आणि टोपीच्या बंदुका होत्या. दारू वेगळी, गोळी वेगळी, टोपी वेगळी. सॅम्युएल कोल्ट याने १८३६ साली फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचे अमेरिकन पेटंट घेतले, पण त्याचा पॅटरसन येथील पहिला कारखाना १८४२ साली बुडाला. १८४७ साली सरकारने ‘वॉकर’ नावाच्या जड रिव्हॉल्व्हरची १ हजार नगांची ऑर्डर दिली तेव्हा कोल्टचा धंदा पुन्हा उभा राहिला. सरकारी आणि खासगी मिळून जेमतेम १ हजार १०० वॉकर बनले. त्यांतला खासगी विक्रीचा एक नग मूळ पेटीसह २०१८ साली १८ लाख ४० हजार डॉलरांना गेला. त्या वेळच्या भावाने हे सुमारे १२ कोटी रुपये.

पुढे दारू, गोळी आणि टोपी एकाच धातूच्या पुंगळीत बसवलेले काडतूस आले. १८७३ हे साल या बाजारात फार मोठे. कोल्टचे ‘पीसमेकर’, विंचेस्टरची १८७३ नमुन्याची रायफल आणि लष्कराची स्प्रिंगफील्ड रायफल, तिन्ही त्याच सालची. आणि आम्हा कापडवाल्यांसाठी सांगायचे तर, लेव्ही स्ट्रॉसच्या तांब्याच्या रिबिटवाल्या विजारीचे पेटंटही २० मे १८७३ चेच.

शर्टवाला विंचेस्टर

ज्याच्या नावाची रायफल जगभर गाजली तो ऑलिव्हर विंचेस्टर मुळात बंदूकवाला नव्हता. तो शर्टाचा कारखानदार होता. १८४८ साली त्याने मानेवर ताण येणार नाही अशा शर्टाच्या कटिंगचे पेटंट घेतले आणि भागीदारीत न्यू हेवन येथे शर्टाचा मोठा कारखाना चालवला. कापडात कमावलेला पैसा त्याने १८५५ साली ‘व्होल्कॅनिक’ नावाच्या बंदूक कंपनीत गुंतवला. ती कंपनी डबघाईला आल्यावर १८५७ मध्ये ती त्याने आपल्या ताब्यात घेतली.

त्याने पहिले शहाणपणाचे काम केले ते माणूस निवडण्याचे. बेंजामिन टायलर हेन्री या कसबी मेकॅनिकच्या हाती त्याने कारखाना सोपवला. हेन्रीने व्होल्कॅनिकच्या कमजोर गोळीच्या जागी दमदार काडतूस बनवले आणि त्याला साजेशी, सोळा बार काढणारी १८६० ची हेन्री रायफल तयार केली. अमेरिकेतील यादवी युद्धाने, म्हणजे १८६१ ते १८६५ च्या ज्या युद्धाने आपल्या मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आणला त्याच युद्धाने, या रायफलीचे नाव केले. तरी १८६६ पर्यंत सुमारे १४ हजारच बनल्या. म्हणून आज हेन्री दुर्मीळ. त्यानंतर १८६६ चा पितळी अंगाचा नमुना आणि १८७३ चा लोखंडी नमुना आला. १८७३ च्या तब्बल ७ लाख २० हजारांहून अधिक रायफली निघाल्या.

या खपामागे एक साधी व्यापारी अक्कल होती. विंचेस्टर १८७३ चे ‘चव्वेचाळीस-चाळीस’ काडतूस कोल्टने १८७८ पासून आपल्या रिव्हॉल्व्हरला लावून घेतले. आता गिऱ्हाइकाला कमरेच्या आणि खांद्यावरच्या हत्याराला एकच डबा पुरू लागला, आणि दूरच्या वस्तीतल्या दुकानदाराला दोन प्रकारचा माल भरण्याची गरज उरली नाही.

याच कारखान्याची एक फसलेली युक्तीही सांगण्यासारखी आहे. चाचणीत उत्तम ठरलेल्या नळ्यांवर जास्त सफाईचे काम करून ‘हजारात एक’ असा छाप मारून ती रायफल जादा दराने विकण्याचे कंपनीने ठरवले. पण उरलेल्या ९९९ रायफली मग हलक्या की काय, असा प्रश्न आपोआप उभा राहिला आणि हा प्रकार बंद पडला, असे सांगतात. १८७३ नमुन्याच्या अशा दीडशेही रायफली बनल्या नाहीत. १९५० साली याच रायफलीवर ‘विंचेस्टर ७३’ हा सिनेमा निघाला. त्याच्या जाहिरातीसाठी कंपनीने लोकांना आवाहन केले की, कोणाच्या घरी ‘हजारात एक’ असेल तर कळवा. तेव्हा माळ्यावर पडलेल्या काही रायफली उजेडात आल्या. अनेक जाणकार या शौकाचा बहर तेथपासून मोजतात.

तुर्कस्तानची गिऱ्हाईकी

या कारखान्यांचे मोठे गिऱ्हाईक केवळ अमेरिकेत नव्हते. उस्मानी तुर्कस्तानच्या सरकारने १८७० च्या सुमारास विंचेस्टरच्या १८६६ नमुन्याच्या सुमारे ५० हजार बंदुका मागवल्या. १८७७ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात प्लेव्हना येथे उस्मान पाशाने रशियन फौजेला जवळजवळ पाच महिने अडवून धरले. त्या वेढ्यात दूरच्या माऱ्याला पीबॉडी-मार्टिनी आणि जवळच्या माऱ्याला विंचेस्टर असा मेळ घातला होता. तुर्कांकडे हेन्रीच्या मापाच्या काडतुसांचा साठा होता म्हणून स्मिथ अँड वेसन कंपनीने त्यांच्यासाठी त्याच काडतुसावर चालणारे खास रिव्हॉल्व्हर बनवून दिले.

पीबॉडी-मार्टिनीची सुमारे ६ लाखांची ऑर्डर प्रॉव्हिडन्स येथील एका अमेरिकन कारखान्याला मिळाली होती. एवढी मोठी ऑर्डर मिळूनही पैसे वेळेवर सुटले नाहीत आणि तो कारखाना अखेर शिवणयंत्रांच्या धंद्याकडे वळला. एकाच गिऱ्हाइकावर सारी भिस्त ठेवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. या मार्टिनी रायफलींवर उस्मानी लिपीत मजकूर आणि आकडे आहेत. एक-दोन आकड्यांचे वळण सोडले तर उर्दू शिकलेल्या माणसाला ते वाचता येतात. अमेरिकन संग्राहकाला मात्र त्यासाठी जाणकार शोधावा लागतो.

जावक वही बोलते

आता सनद तयार कशी होते ते पाहू. पहिला साक्षीदार म्हणजे कारखान्याची वही. कोल्ट आणि विंचेस्टर या कारखान्यांत कोणत्या नंबरचा नग कोणत्या तारखेला रवाना झाला, नळी किती लांबीची होती, मुलामा निळा की निकेलचा, दस्ता कशाचा, याची नोंद होत असे. हिशेबासाठी लिहिलेल्या या ओळी दीडशे वर्षांनी सोन्याच्या ठरतील असे त्या कारकुनाच्या ध्यानीमनीही नसेल. विंचेस्टरच्या उरलेल्या नोंदी आज वायोमिंग राज्यातील कोडी येथील संग्रहालयात आहेत आणि तेथून दाखला मिळतो. कोल्टच्या नोंदींवरूनही संग्राहक अनेक वर्षे असे पत्र मागवत आले आहेत. एखाद्या रिव्हॉल्व्हरवर आज निकेल चढलेले असेल आणि वहीत ‘निळा’ लिहिलेले असेल, तर मुलामा मागाहून दिलेला आहे हे उघड होते आणि भाव तेथेच पडतो.

दुसरा साक्षीदार नगावरचे छाप. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरला एकच नंबर अनेक भागांवर असतो. सगळे जुळले तर माल मूळचा, एखादा वेगळा निघाला तर जोडकाम. लष्कराच्या मालावर तपासनिसाच्या सहीची आद्याक्षरे ठोकलेली असत. एन्सवर्थ या तपासनिसाचा छाप असलेली घोडदळाची कोल्ट विशेष मागणीत असते, कारण ती अगदी सुरुवातीच्या वर्षांची.

तिसरा साक्षीदार खुद्द कारागीर, आणि हा मुद्दा आपल्या कारागीर बंधूंनी नीट वाचावा. न्यूयॉर्कमध्ये निम्शके नावाचा जर्मनीतून आलेला नक्काशीवाला होता. बंदुकीवर नक्षी कोरून झाली की तो त्यावर शाई लावून कागदावर ठसा घेई आणि वहीत चिकटवून ठेवी. १९०४ साली तो वारला. १९६५ साली त्याची ती वही छापून निघाली. आज एखादी नक्षीदार बंदूक ‘निम्शकेची’ म्हणून पुढे आली की जाणकार त्याच्या वहीतले ठसे काढून बसतात. मजुरी घेऊन मोकळा झालेल्या हजारो कारागिरांची नावे विसरली गेली, पण वही ठेवणाऱ्याचे नाव राहिले.

घासूनपुसून नुकसान

आपल्याकडे जुनी वस्तू विकायची म्हटली की आधी ती चकचकीत करतात. या बाजारात नेमका हाच घात ठरतो. लोखंडावर दीडशे वर्षांत चढलेली तपकिरी कांती आणि मूळ निळ्या मुलाम्याचे कानाकोपऱ्यात उरलेले अंश, हेच वस्तू खरी असल्याचा पुरावा असतात. पॉलिश पेपर मारला की छापांच्या कडा बोथट होतात, अक्षरे पुसट होतात आणि हजारो डॉलर दहा मिनिटांत भुकटी होऊन उडतात.

नोव्हेंबर २०१४ मध्ये नेव्हाडा राज्यातील ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात एका झाडाला टेकून ठेवलेली विंचेस्टर १८७३ रायफल सापडली. लाकूड ऊन-पावसाने करडे पडलेले, नळीवर गंज, दस्ता जमिनीत रुतलेला. नंबरावरून ती १८८२ सालची ठरली. एक्स-रे काढल्यावर दस्त्याच्या पोकळीत एक काडतूस आढळले आणि ते १८८७ ते १९११ या दरम्यानचे निघाले. ती कोणाची, तो ती घ्यायला परत का आला नाही, हे कोणाला माहीत नाही. संग्रहालयाच्या लोकांनी ती नवी करण्याचा विचारही केला नाही. सुटणारे लाकूड फक्त जागच्या जागी घट्ट केले आणि ती जशी सापडली तशीच लोकांसमोर ठेवली.

कापडातही हाच नियम आता दिसू लागला आहे. २०२२ साली न्यू मेक्सिकोत १८८० च्या दशकातील, एका जुन्या खाणीत सापडलेली लेव्हीची जीन्स ७६ हजार डॉलरांच्या बोलीला गेली. तिच्यावर मेणबत्तीच्या मेणाचे डाग होते. कोणी ती धुऊन, इस्त्री करून आणली असती तर एवढी बोली लागली असती काय?

काडतुसांचा वेगळा शौक

बंदुका महाग म्हणून पुष्कळ लोक काडतुसे जमवतात. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या वस्तूची पारखही तितकीच बारीक आहे. पुंगळीच्या बुडावर छाप असतो. विंचेस्टरने हेन्रीच्या सन्मानार्थ आपल्या काडतुसांवर ‘एच’ हे अक्षर ठोकले. फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड सरकारी कारखान्याने मार्च १८७७ पासून छाप मारायला सुरुवात केली. ‘आर, एफ, ३, ७७’ असे असेल तर रायफलीचे, फ्रँकफर्डचे, तिसरा महिना, १८७७ साल. त्याआधीच्या तांब्याच्या पुंगळ्या कोऱ्या. ‘पंचेचाळीस-सत्तर’ या नावात पहिला आकडा गोळीच्या मापाचा, म्हणजे इंचाचे शंभर भाग केल्यास पंचेचाळीस, आणि दुसरा काळ्या दारूच्या वजनाचा, सत्तर ग्रेन.

गंमत अशी की काडतुसांपेक्षा त्यांचा पुठ्ठ्याचा डबा अनेकदा महाग असतो. काडतूस टिकते, कागद टिकत नाही. लेबल शाबूत आणि सील न फोडलेला जुना डबा फार थोडा उरला आहे. त्याहून दुर्मीळ म्हणजे कंपन्या आपल्या दुकानदारांना देत असत ते नमुन्यांचे फलक. त्यांवर प्रत्येक जातीचे काडतूस ओळीने बसवलेले असे. आपल्याकडे कापडाच्या नमुन्यांची जी वही सीझन संपला की रद्दीत जाते, त्याच जातीची ही वस्तू.

काडतूस इतिहासही बोलते. २५ जून १८७६ रोजी मोंटाना प्रदेशात लिटल बिगहॉर्न येथे लाकोटा आणि शायेन लोकांनी जनरल कस्टर आणि त्याच्याबरोबरचे सुमारे २१० जण कापून काढले. १९८३ साली त्या मैदानावरचे गवत वणव्यात जळाले आणि पुढील दोन वर्षे तेथे शास्त्रीय उत्खनन झाले. पुंगळ्यांवरील पिनेच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून कोणती बंदूक कोठून कोठे सरकली ते मांडता आले. सैनिकांकडे एकबारी स्प्रिंगफील्ड होती, तर समोरच्या अनेकांकडे हेन्री आणि विंचेस्टर, हे जमिनीतून निघालेल्या पितळेने आणि तांब्याने सांगितले. प्रत्येक पुंगळी कोठे सापडली ती जागा नोंदली होती म्हणून हे शक्य झाले. खिशात घालून नेली असती तर ती भंगाराच्या भावाची. म्हणून अमेरिकेत सरकारी जमिनीवरून अशा वस्तू उचलणे हा गुन्हा आहे.

जपणुकीचे दोन नियम संग्राहक पाळतात. शिशाची गोळी ओकच्या लाकडी कपाटात ठेवत नाहीत, कारण त्या लाकडाच्या आम्लाने शिशावर पांढरी भुकटी धरते. आणि जुने काडतूस कधीही उडवून पाहत नाहीत, छिद्र पाडत नाहीत, तापवत नाहीत. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते.

लबाडीचे प्रकार

जेथे कागदाला भाव तेथे लबाड आलाच. साध्या कोल्टवर घोडदळाचे छाप ठोकणे, नंबर खोडून नवा घालणे, नवी पुंगळी पुरून गंज चढवणे, असे उद्योग चालतात. अमेरिकेतील मूळ रहिवासी आपल्या बंदुकीच्या लाकडावर पितळी खिळ्यांची नक्षी करीत. अशा बंदुकांना भाव येऊ लागल्यावर जुन्या लाकडात नवे खिळे ठोकणारे निघाले. जाणकार एखादा खिळा किंचित उचलून पाहतो. खरा असेल तर खाली लाकडात हिरवट-काळा डाग आणि जुनी मळी असते.

दुसरी लबाडी याहून वाईट, कारण तिच्यात बळी जातो तो अजाण वारस. जुन्या वस्तूंची पारख करणाऱ्या टीव्हीच्या एका प्रसिद्ध कार्यक्रमातील शस्त्रांचा एक जाणकार २००२ साली तुरुंगात गेला. यादवी युद्धातील सेनानींच्या घराण्यांना त्याने वस्तूंची किंमत मुद्दाम कमी सांगितली, माल पदरात पाडला आणि कितीतरी पट भावाने पुढे विकला. त्याच्या ज्ञानात काही कमी नव्हते, कमी होती ती अमानतीची.

पैगंबरसाहेब (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, खाली ओल लागली, तेव्हा ओला माल वर ठेवायला सांगितले, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या बाजारातील चांगले विक्रेते आज नेमके तेच करतात. स्क्रू बदलला आहे, मुलामा दुसऱ्यांदा दिला आहे, दस्ता नंतरचा आहे, हे आधी छापतात आणि मग बोली लावतात. दोष सांगून विकलेल्या मालाचा गिऱ्हाईक पुन्हा येतो.

रक्ताचा हिशेब

या वस्तूंनी काय केले ते झाकून ठेवणे मात्र बरोबर नाही. शार्प्स रायफलींनी बायसन या रानबैलाचे कोट्यवधींचे कळप संपवले. कातडी पूर्वेकडील कारखान्यांच्या पट्ट्यांसाठी गेली, मांस मैदानात सडले. १८८९ च्या गणतीत हजाराच्या आसपास जनावरे उरली होती. ज्यांचे पोट त्या कळपांवर होते ते मूळ रहिवासी उपाशी पडले. २९ डिसेंबर १८९० रोजी वुंडेड नी येथे लष्कराने अडीचशेहून अधिक लाकोटा मारले. त्यांत बायका आणि मुले पुष्कळ होती. तेथून उचललेल्या वस्तूही पुढे संग्रहांत गेल्या आणि त्यांच्या वारसांनी त्या परत मागितल्या. ज्या सनदेत ‘मेलेल्याच्या अंगावरून काढली’ असे लिहिलेले असते, ती वस्तू खरी असली तरी तिची कमाई घरात आणावी काय, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या ईमानाला विचारावा.

आपल्यासाठी सूचना

अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याने १८९८ पर्यंत बनलेली बंदूक ‘अँटिक’ ठरते आणि तिला तेथील नेहमीचे बरेच निर्बंध लागत नाहीत. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. आपल्याकडे तसे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे जुन्या हत्याराला सूट आहे ती ते दुरुस्त करूनही चालण्याजोगे नसेल तरच. जिवंत काडतूस तर परवान्याशिवाय जवळ ठेवताच येत नाही. परदेशातून येणाऱ्या कोणी आठवण म्हणून एखादे काडतूस बॅगेत टाकले तर विमानतळावर गुन्हा दाखल होतो. रिकामी पुंगळीही आणू नये असेच मी म्हणेन. घरात वडिलोपार्जित ठासणीची बंदूक असेल तर ती लपवू नका आणि भंगारातही देऊ नका. वकिलाला विचारून पोलिसांकडे तिची रीतसर नोंद करा.

या बाजारात उतरण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही. त्याची शिस्त मात्र आपल्या मालाला लावण्यासारखी आहे. हिमरू विणणारा, बिदरीचे काम करणारा, तांब्यावर नक्षी करणारा, चामड्याचे जिनगर काम करणारा, यांच्या घरात आजोबांच्या हातचे नग असतात. कोणी लोखंडी घासणीने घासलेले, कोणी किलोच्या भावाने विकलेले. विकण्याआधी दोन ठिकाणी किंमत विचारा. वस्तू घासू नका. कोणी बनवली, कोणासाठी, साधारण कधी, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहा, खाली त्यांची सही आणि तारीख घ्या.

आणि आजच्या मालासाठी : प्रत्येक चांगल्या नगावर आपला छाप आणि साल घाला. नक्षीचा ठसा किंवा फोटो वहीत ठेवा. जावक वहीत गिऱ्हाइकाचे नाव, माल आणि तारीख स्वच्छ लिहा, आणि दुकान रंगवताना त्या वह्या रद्दीवाल्याला देऊ नका. एका वहीला कपाटात चार बोटांची जागा लागते. तेवढी ठेवायलाच हवी.